अंगठा ऐक

'गेट्झ/जिल्बेर्तो' या रेकॉर्डच्या कव्हरवर पुढच्या बाजूला तीन पुरुषांची नावं छापलेली आहेत. अमेरिकन सॅक्सोफोनवादक स्टॅन गेट्झ, ब्राझीलचा गायक आणि गिटारवादक जुआंव जिल्बेर्तो, आणि लहान अक्षरांत संगीतकार अंतोनियो कार्लोस जोबिम. ज्या आवाजामुळे ही रेकॉर्ड जगभर गेली तो आवाज या तिघांपैकी कुणाचाच नाही. तो आहे आस्त्रुद जिल्बेर्तोचा. ध्वनिमुद्रण झालं तेव्हा ती बावीस वर्षांची होती, जुआंवची बायको म्हणून न्यूयॉर्कला आली होती, आणि त्याआधी व्यावसायिक गायिका म्हणून तिने एकही गाणं मुद्रित केलेलं नव्हतं. तिचं नाव पुढच्या बाजूला नाही.

मुंबईतल्या मटन स्ट्रीटवरच्या जुन्या बाजारातून मी ती रेकॉर्ड उचलली ती कव्हरवरच्या चित्रासाठी. जाड फटकाऱ्यांचं अमूर्त चित्र, पोर्तो रिकोच्या ओल्गा आल्बिझू या चित्रकर्तीचं. दुकानदार म्हणाला, "सॅक्सवाला है, ले जाओ." कडा झिजलेल्या, आतली कागदी पिशवी पिवळी पडलेली, कव्हरच्या कोपऱ्यात कुणीतरी शाईने घातलेली सही. मुंबईत जुन्या बाजारात अशा रेकॉर्डी येतात त्या बहुतेक बंद झालेल्या घरांतून येतात. कुणी मुलांकडे कॅनडाला गेलं, कुणी ऑस्ट्रेलियाला, कुणाच्या मागे कुणीच उरलं नाही, मग कपाटं रिकामी होतात. त्या ढिगांतून आमच्या गिरगावातल्या घरात बरंच संगीत आलं. पण या रेकॉर्डने मला जसं कामाला लावलं, तसं दुसऱ्या कुठल्या रेकॉर्डने लावलेलं नाही.

लॅटिन संगीत आमच्या घराला परकं नव्हतं. ते आलं होतं सी. रामचंद्रांकडून. तेव्हाच्या नगर जिल्ह्यातल्या पुणतांब्याला जन्मलेल्या या माणसाने 'समाधी'तलं (१९५०) 'गोरे गोरे' ज्या गाण्यावरून केलं, ते 'डॉल फेस' या हॉलिवूडच्या चित्रपटात कार्मेन मिरांडा गायली होती. त्यांच्या वाद्यवृंदात चिक चॉकलेटसारखे गोव्याचे कसलेले वादक होते. माराकास, बाँगो, ट्रंपेट, सगळं खुल्या आवाजात, पाय थिरकवणारं. लॅटिन म्हणजे नाच आणि दणका, हे समीकरण आमच्या पिढीच्या कानात पक्कं होतं.

रात्री जेवणं आटोपल्यावर सुई टेकवली. थोडी खरखर, मग नायलॉनच्या तारांची एक गिटार आणि तिच्यावर एका पुरुषाचं नुसतं गुणगुणणं. त्यानंतर तो पोर्तुगीजमध्ये गायला लागला, शेजारच्या खुर्चीत बसून बोलावं तेवढ्याच आवाजात. कंप नाही, तान नाही, शेवटचा स्वर लांबवून टाळी घेणं नाही. मग ती आली, इंग्रजीतून, आणखी साधी. त्यानंतर सॅक्सोफोन, आणि तोसुद्धा फुंकर घातल्यासारखा मऊ. ढोल होते, पण जवळजवळ ऐकू न येणारे. गाणं रिओतल्या इपानेमाच्या समुद्रकिनाऱ्यावरून चालत जाणाऱ्या मुलीचं. मी आवाज वाढवायला हात पुढे केला आणि तसाच मागे घेतला. वाढवायची गरजच नव्हती. पलीकडच्या खोलीत माणसं झोपली होती आणि या रेकॉर्डमधल्या माणसांना जणू ते माहीत होतं.

आमच्या इमारतीत तेव्हा एक निवृत्त गिटारवादक राहत. हॉटेलांतल्या डान्स बँडमध्ये आयुष्य गेलेलं, मूळचे गोव्याचे, सगळे त्यांना अंकलच म्हणत. मी त्यांना रेकॉर्ड ऐकवली आणि सॅक्सोफोनचं कौतुक सुरू केलं. त्यांनी मला थांबवलं.

"सॅक्स सोड गो बाय. अंगठा ऐक."

त्यांनी टेबलावर हात ठेवला. अंगठ्याने सावकाश, एकसारखे ठोके धरले, एक-दोन, एक-दोन. सांबाच्या मिरवणुकीत सुर्दो नावाचा मोठा ढोल असतो, त्याचं काम हा अंगठा खालच्या तारांवर करतो. मग उरलेली बोटं एकदम उचलून टेबलावर टाकली, पण ठोक्यावर नाही. कधी त्याच्या अलीकडे, कधी पलीकडे. हे तांबोरीम या लहानशा वाद्याचं काम. शेकडो माणसं रस्त्यावर बडवतात तो सांबा जुआंवने सहा तारांवर आणून ठेवला होता. आणि एवढं करून वर गाताना तो ना अंगठ्याला बांधलेला, ना बोटांना. तबल्याचा ठेका चालू असताना गवई शब्द मागेपुढे टाकतो, तसा तो ओळ मुद्दाम उशिरा सुरू करायचा आणि बरोबर जागेवर येऊन पोचायचा. अंकलनी तीच बाजू पुन्हा लावायला सांगितली. या वेळी मी सॅक्सोफोनकडे लक्ष दिलं नाही. खालून गिटारचा अंगठा चालत होता, पहिल्यापासून शेवटपर्यंत, एकदाही न अडखळता.

तिथून प्रश्न बदलला. हे गाणं कुणाचं, याचं उत्तर कव्हरवर होतं. चाल जोबिमची, मूळ शब्द विनिसियस दि मोरायसचे, इंग्रजी शब्द नॉर्मन गिम्बेलचे. पण हा अंगठा कुठून आला?

पुढचा धागा हाती आला तो फोर्टातल्या फुटपाथवर. 'जॅझ सांबा', स्टॅन गेट्झ आणि गिटारवादक चार्ली बर्ड. बर्ड १९६१ मध्ये अमेरिकेच्या परराष्ट्र खात्यातर्फे दक्षिण अमेरिकेच्या दौऱ्यावर गेला होता. ब्राझीलमध्ये त्याने हे नवं संगीत, बोसा नोव्हा, ऐकलं आणि त्याच्या रेकॉर्डी घेऊन तो वॉशिंग्टनला परतला. घरी त्याने त्या गेट्झला ऐकवल्या. १३ फेब्रुवारी १९६२ रोजी वॉशिंग्टनमधल्या ऑल सोल्स युनिटेरियन चर्चच्या सभागृहात काही तासांत 'जॅझ सांबा'चं मुद्रण उरकलं आणि १९६३ मध्ये ही रेकॉर्ड बिलबोर्डच्या अल्बमांच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेली. म्हणजे अमेरिकेलासुद्धा हे संगीत सापडलं ते दुसऱ्या देशातून उचलून आणलेल्या रेकॉर्डींतूनच. 'जॅझ सांबा' मी अनेकदा ऐकली. उत्तम वादन आहे. पण त्यात तो अंगठा नाही. ढोल पुन्हा पुढे आले आहेत, सगळं अमेरिकन जॅझच्या सवयीने थोडं घट्ट झालं आहे. अंकल ती ऐकून एवढंच म्हणाले, "हे शिकलेले. तो जन्मलेला."

२१ नोव्हेंबर १९६२ रोजी न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये बोसा नोव्हाचा कार्यक्रम झाला. त्यासाठी जोबिम आणि जुआंव तिथे गेले आणि राहिले. १८ आणि १९ मार्च १९६३ या दोन दिवसांत 'गेट्झ/जिल्बेर्तो' मुद्रित झाली. निर्माता क्रीड टेलर, ध्वनियंत्रणेवर फिल रामोन. आस्त्रुदने गावं ही कल्पना कुणाची, यावर तिथे हजर असलेल्यांनी नंतर वेगवेगळ्या हकिकती सांगितल्या. मागच्या बाजूला बासवादक म्हणून टॉमी विल्यम्सचं नाव छापलं आहे, वाजवला होता सेबास्तियांव नेतोने. त्याचा करार दुसऱ्या कंपनीशी असल्याने ते नाव छापता आलं नाही. मग रेकॉर्ड वर्षभर पडून राहिली आणि मार्च १९६४ मध्ये बाजारात आली. त्याच महिन्याच्या अखेरीस ब्राझीलमध्ये लष्कराने सत्ता घेतली. इपानेमाच्या त्या मुलीचं गाणं अमेरिकेतल्या रेडिओवर वाजत होतं तेव्हा ब्राझीलवर लष्कराची सत्ता होती.

रेडिओवर वाजलं ते मात्र पूर्ण गाणं नव्हतं. एलपीवर ते पाच मिनिटांहून अधिक चालतं. छोट्या रेकॉर्डसाठी ते निम्म्यावर आणलं, आणि कापलं ते जुआंवचं पोर्तुगीज गाणं. आस्त्रुद आणि सॅक्सोफोन उरले. जगाने ऐकलं ते हे. १९६५ च्या ग्रॅमी समारंभात एलपीला वर्षातल्या सर्वोत्तम अल्बमचा मान मिळाला आणि या गाण्याला सर्वोत्तम रेकॉर्डचा. एलपीच्या कव्हरवर नाव नसलेली ती, आणि छोट्या रेकॉर्डवर आवाज नसलेला तो. नवरा-बायकोपैकी कुणालाच या रेकॉर्डने पुरता न्याय दिला नाही, असं माझं मत आहे. आस्त्रुदला त्या दिवसाच्या कामाचे म्हणून एकशेवीस डॉलर मिळाले, असं सांगतात.

आता मला हवी होती ती पहिली रेकॉर्ड, जुआंवची स्वतःची, 'शेगा दि सौदादे'. १९५९ ची, ब्राझीलच्या ओदेऑन कंपनीची. नवीन मिळत असती तर घेतली असती. पण मिळत नव्हती, आणि त्यालाही कारण होतं. पुढे ओदेऑनचा हा संग्रह ईएमआयकडे होता. ईएमआयने जुआंवच्या सुरुवातीच्या रेकॉर्डी नव्याने ध्वनिसंस्कार करून एकत्र काढल्या. त्याला तो आवाज अजिबात मान्य झाला नाही. मुळात नसलेले परिणाम त्यात घातले आहेत, असं त्याचं म्हणणं, आणि १९९७ मध्ये त्याने कंपनीवर दावा लावला. कंपनीने त्या आवृत्त्यांचं उत्पादन थांबवलं. विसाव्या शतकातल्या सगळ्यात महत्त्वाच्या रेकॉर्डींपैकी एक दुकानांतून नाहीशी झाली, ती कुणाच्या तरी घरी पडून असलेल्या जुन्या प्रतींच्या जिवावर जगली. ज्याने आयुष्यभर एका स्वराच्या जाडीवर काम केलं, त्याने आपला आवाज बिघडवला म्हणून कोर्टात जावं, यात मला हट्ट दिसत नाही. तो त्याचा हक्क होता.

ती प्रत अंकलनीच मिळवली. धोबीतलावच्या बाजूला गोव्याच्या लोकांच्या कुडी होत्या, गावागावांची क्लबघरं. बोटीवर जाणारे तारवटी पुढची नोकरी लागेपर्यंत तिथे राहत. असाच एक तारवटी, अंकलच्या ओळखीतला, ब्राझीलच्या बंदरांतून रेकॉर्डी आणायचा. त्याच्या घरच्यांनी एक पेटी ठेवली होती. कुणी ती उघडतही नव्हतं. अंकल एका संध्याकाळी वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी घेऊन दारात उभे राहिले. कव्हरवर एक तरुण, हात हनुवटीजवळ, नजर थेट आपल्याकडे.

रेकॉर्ड मळलेली होती. ऊर्ध्वपातित पाण्यात मऊ कापड भिजवून, खाचांच्या दिशेने हलक्या हाताने पुसत बसले. तोवर अंकल चष्मा लावून मागचा मजकूर वाचत होते. ते गोव्यात १९६१ च्या आधी शाळेत गेलेले, पोर्तुगीज अजून डोळ्यांना येत होती. मजकूर जोबिमने लिहिलेला. हा सत्तावीस वर्षांचा बाईयाचा माणूस, असं म्हणून पुढे लिहिलं होतं की थोड्याच काळात याने गिटारवादक, गायक, वाद्यवृंदकार अशा एका पिढीवर छाप पाडली आहे. अंकलनी ते सावकाश, शब्द जुळवत मराठीत सांगितलं आणि कव्हर माझ्या हातात दिलं.

बारा गाणी, आणि दोन्ही बाजू मिळून अर्धा तासही भरत नाही. पहिलंच गाणं 'शेगा दि सौदादे', जेमतेम दोन मिनिटांचं. त्याचं मुद्रण १० जुलै १९५८ चं. त्या दिवशी जुआंवने दोन मायक्रोफोन मागितले, एक आवाजाला, एक गिटारला. तेव्हा ही मागणी विचित्र वाटली होती. त्याला मात्र नेमकं ठाऊक होतं की गिटार ही साथ नाही. ती अर्धं गाणं आहे. त्याच वर्षी एलिझेती कार्दोझोच्या एलपीवर हेच गाणं येऊन गेलं होतं, गिटारवर जुआंवच. तिथे एलिझेती जुन्या पद्धतीने, भरल्या गळ्याने गाते आणि खाली अंगठा वेगळंच काही सांगत असतो. जुआंवच्या आवृत्तीत गळा आणि अंगठा एकाच माणसाचे झाले. पहिल्या काही सेकंदांत अंकलनी बोट वर केलं. तो हाच होता.

आणि मग तो कुठून आला ते कळलं, नंतर वाचनातून. ती हकिकत मला अजून अस्वस्थ करते.

जुआंवचा जन्म १० जून १९३१ चा, बाईया प्रांतातल्या जुआझेरोचा, सांव फ्रान्सिस्को नदीकाठचा. गावात एका दुकानदाराने खांबांवर कर्णे लावले होते आणि तो दिवसभर रेकॉर्डी वाजवायचा. या मुलाची संगीतशाळा तीच. १९५० मध्ये तो रिओला एका गायकवृंदात दाखल झाला. वेळेवर येत नाही म्हणून काढून टाकला गेला. पुढची वर्षं वाईट गेली. पैसे नाहीत, घर नाही, आज या मित्राकडे, उद्या त्या. शेवटी १९५५-५६ च्या सुमाराला तो मिनास जेराइस प्रांतातल्या दियामान्तिना या डोंगरातल्या गावी आपल्या बहिणीकडे जाऊन राहिला. बहिणीचं नुकतंच जन्मलेलं बाळ घरात. हा दिवसभर कपडेसुद्धा न बदलता गिटार घेऊन न्हाणीघरात बसायचा. फरशांवरून प्रत्येक स्वर परत यायचा, त्यामुळे आपण नेमकं काय काढतो आहोत ते त्याला स्वच्छ ऐकू येत होतं. एकच सूरसमूह तासन्‌तास. आवाज खाली, आणखी खाली. तेव्हा त्याला कळलं की हळू गायलं, नाकाजवळून, कंप काढून टाकून, तर गाणं लयीच्या मागेपुढे सहज फिरवता येतं आणि श्वासही पुरतो.

घरच्यांना वाटलं, पोराचं डोकं बिघडलं. तिथून तो वडिलांकडे गेला. वडिलांनी हे गाणंच नव्हे असं ठरवलं, आणि त्याला साल्वादोरला मानसोपचारासाठी पाठवलं गेलं. तिथून सुटल्यावर, १९५७ मध्ये, तो पुन्हा रिओला आला. हातात ती एक लय. ती रोबेर्तो मेनेस्कालने ऐकली, जोबिमने ऐकली, आणि कोपाकबानातल्या फ्लॅटमध्ये, नारा लियांवच्या आईवडिलांच्या घरी, दिवाणखान्यात जमणारी विशीतली पोरं त्या अंगठ्याच्या मागे लागली. भिंतीपलीकडे शेजारी झोपलेले असायचे. तिथेही हे संगीत दबक्या आवाजातच वाढलं.

म्हणूनच मी म्हणते, बोसा नोव्हा हे घरातलं संगीत आहे. ते बहिणीच्या न्हाणीघरात सापडलं, फ्लॅटच्या दिवाणखान्यात वाढलं, चार्ली बर्डच्या घरी गेट्झच्या कानावर पडलं. आमच्याकडे ते एका तारवट्याच्या पेटीतून आलं. नाट्यगृहात, मोठ्या स्पीकरवर, हॉटेलच्या लिफ्टमध्ये ते वाजवतात तेव्हा त्याचा प्राण जातो. लिफ्टमध्ये वाजून वाजूनच त्याला गुळगुळीत, निरुपद्रवी पार्श्वसंगीत अशी कीर्ती मिळाली आणि ती साफ चुकीची आहे. घरात, रात्री, कमी आवाजात, एका माणसाने दुसऱ्याला ऐकवावं असं ते आहे, आणि तसं ऐकलं की ते किती कठीण आहे ते कळतं.

हिंदी चित्रपटसंगीतातही ते लवकर पोचलं. राहुलदेव बर्मननी १९६६ च्या 'पती पत्नी'मध्ये या लयीवर गाणं बांधलं. तलत महमूद ऐकून वाढलेल्या कानांना हळू गाण्यातली ताकद समजावून सांगावी लागत नाही, त्यामुळे आपल्याकडे हा झरा आणखी वाहायला हवा होता असं मला फार वाटतं. गोव्याचे एवढे वादक मुंबईत होते, पोर्तुगीज वाचणारे होते, गिटार होती.

जोबिम १९९४ मध्ये गेला. रिओच्या विमानतळाला आज त्याचं नाव आहे. जुआंव ६ जुलै २०१९ रोजी गेला, आस्त्रुद जून २०२३ मध्ये. अंकलही आता नाहीत.

तुम्हाला ऐकायचं असेल तर 'गेट्झ/जिल्बेर्तो'पासून सुरू करा, सगळेच तिथून करतात, आणि ती खरोखर सुंदर रेकॉर्ड आहे. पण तिथे थांबू नका. 'शेगा दि सौदादे'ची दोन मिनिटं ऐका, आवाज कमी ठेवून, आणि सगळं लक्ष गिटारच्या खालच्या तारांकडे द्या. आणि घर आवरताना आजोबांच्या किंवा शेजारच्या कुणा अंकलच्या रेकॉर्डींचा गठ्ठा निघाला, तर भंगारवाल्याला हाक मारण्याआधी प्रत्येक कव्हर उलटं करून मागचा मजकूर वाचा. वाचता येत नसेल त्या भाषेतला असेल, तर वाचणारं माणूस शोधा. अशी माणसं अजून आहेत.